क्रीमच्या डबीची मागची बाजू: त्वचेसाठी योग्य घटक कसे निवडायचे

मेडिकलच्या काउंटरवर उभं राहिलं की एक वाक्य दिवसभर कानावर पडतं: "ताई, चेहऱ्याला लावायला काहीतरी चांगलं द्या ना." चांगलं म्हणजे कशासाठी, असं विचारलं की बरेच जण गडबडतात. कुणाला पुळ्यांचे डाग घालवायचे असतात, कुणाची त्वचा थंडी पडली की तडतडते, कुणाच्या गालांवर बाळंतपणानंतर वांग उठलेले असतात. आणि पुष्कळ मुलींना, हल्ली मुलांनाही, पुढच्या आठवड्यातल्या लग्नासाठी 'उजळ' दिसायचं असतं. मी फार्मसिस्ट आहे, त्यामुळे या सगळ्यांना मी डबी उलटी करून दाखवते. पुढच्या बाजूला कंपनीला जे बोलायचं असतं ते असतं. मागच्या बाजूला आत काय आहे ते असतं. ती मागची बाजू कशी वाचायची, त्यातलं काय घ्यायचं आणि काय अजिबात घ्यायचं नाही, हे पहिल्यांदाच विचार करून क्रीम घेणाऱ्यांसाठी इथे लिहिते आहे.

पायरी १: तक्रार कोणती, ते आधी ठरवा

सकाळी चेहरा सौम्य फेसवॉशने धुवा, टिपून घ्या आणि अर्धा-पाऊण तास काहीही लावू नका. त्वचा ओढल्यासारखी वाटली तर ती कोरडी. कपाळ, नाक, हनुवटी चकाकायला लागली तर तेलकट. दोन्ही एकाच चेहऱ्यावर असणं अगदी नेहमीचं आहे. तुम्ही राहता कुठे हेही यात धरा. रत्नागिरीच्या किंवा मुंबईच्या दमट हवेत जे क्रीम चिकट वाटतं, तेच नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात किंवा नाशिकच्या थंडीत कमी पडतं.

मग एकच तक्रार निवडा. कोरडेपणा, पुळ्या, काळे डाग, वांग, टाचांच्या भेगा यांपैकी सगळ्यात जास्त छळणारी एक. सगळ्यांवर मिळून एक क्रीम शोधायला गेलात तर दुकानातून पाच डब्या घेऊन बाहेर पडाल.

काही गोष्टी क्रीमच्या नाहीतच, डॉक्टरांच्या आहेत. खाजणारा, कडेने पसरत जाणारा गोल चट्टा म्हणजे बहुधा नायटा. फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी करायला हवी. सरकारी दवाखान्यात ती आणि तिचे उपचार मोफत आहेत, आणि वेळेत गेलं तर आजार पूर्ण बरा होतो. टिकली लावायच्या जागी पांढरा डाग पडत असेल तर टिकलीच्या गोंदातलं रसायन त्याला कारण असू शकतं. तो क्रीमने झाकत बसू नका, टिकली बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

पायरी २: जे घ्यायचंच नाही, ते आधी बाजूला काढा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण इथे चूक झाली तर नुकसान त्वचेपुरतं राहत नाही.

पहिला घातक घटक पारा. त्वचेचा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्यामुळे येतो आणि ते बनवण्याचं काम टायरोसिनेज हे विकर करतं. पारा त्या विकराचं काम बंद पाडतो, म्हणून पारा घातलेलं क्रीम खरोखरच झटपट उजळपणा दाखवतं. आणि म्हणूनच ते खपतं. पण पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना क्रीममुळे इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्या अनेकांनी वाचल्या असतील. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या मूत्रपिंडाच्या आजाराच्या २२ रुग्णांची नोंद केली. त्यांपैकी १५ जणांचा आजार एका विशिष्ट, एरवी क्वचित दिसणाऱ्या प्रकारचा होता, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते.

आपल्याकडच्या 'कॉस्मेटिक्स रूल्स, २०२०' या नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. मुद्दाम घालायला तर परवानगीच नाही. तरीही बाहेरून चोरवाटेने आलेली, ब्यूटी पार्लरमध्ये सुट्या डब्यांत भरून मिळणारी आणि ऑनलाइन विकली जाणारी क्रीम सापडतातच. ती ओळखायच्या खुणा आहेत. डबीवर उत्पादकाचा पत्ता नसतो, घटकांची यादी नसते किंवा न कळणाऱ्या परकी लिपीत असते. यादीत मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल असा कुठलाही शब्द दिसला तर डबी तिथेच ठेवा. आणखी एक खूण फारशी कुणाला माहीत नसते: 'सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना. पारा सोन्याला धरतो, म्हणून ती लिहिलेली असते. साध्या मॉइश्चरायझरवर अशी सूचना असायचं काहीच कारण नाही.

घरात एकीने असं क्रीम लावलं तरी टॉवेल, उशी आणि हातांवाटे पारा लहान मुलांपर्यंत पोचतो. त्यामुळे 'मीच लावते, बाकी कुणी नाही' याला अर्थ नाही.

दुसरा घातक प्रकार स्टिरॉइडच्या ट्यूबांचा. स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. इसबासारख्या आजारात, डॉक्टरांनी ठरवलेल्या दिवसांसाठी, ते फार उपयोगी पडतं. पण चेहऱ्यावर 'फेअरनेस क्रीम' म्हणून लावायची ती वस्तूच नाही. घटकांच्या नावाचा शेवट 'सोन' किंवा 'सोल' असा दिसला तर सावध व्हा: बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल. फ्लुओसिनोलोन हेही त्याच घराण्यातलं. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशी तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब तर कित्येक घरांत टूथपेस्टच्या शेजारी पडलेली असते.

ही ट्यूब लावल्यावर पहिल्या काही दिवसांत चेहरा गुळगुळीत आणि गोरा दिसतो, कारण स्टिरॉइडमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि दाह दबतो. पुढे त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, गालांवर लव वाढते, पुळ्या उठतात. बंद करायला जावं तर चेहरा लाल होऊन भगभगतो, मग माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. त्वचारोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये देशातल्या अनेक केंद्रांमधून चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातले ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइड वापरत होते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ त्वचेवरची स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी "मागच्या वेळची तीच लाल ट्यूब द्या" हे मागणं थांबलेलं नाही. काउंटरवर मी नाही म्हटलं की लोक रागावतात. रागावू देत.

नायट्यावरही हेच होतं. स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं मिश्रण लावलं की खाज दोन दिवसांत जाते, बुरशी मात्र आत पसरत राहते. मग तो नायटा नायट्यासारखा दिसतही नाही आणि डॉक्टरांचंही काम अवघड होतं.

तिसरं हायड्रोक्विनोन, म्हणजे त्वचेचा रंग फिका करणारं औषध. वांगावर डॉक्टर ते ठरावीक मुदतीसाठी देतात. स्वतःच्या मनाने महिनोन् महिने लावलं तर त्वचेवर निळसर काळे, न जाणारे डाग पडू शकतात. ज्या डागांसाठी लावलं त्यापेक्षा ते वाईट.

पायरी ३: लेबल वाचायला शिका

आधी कागदपत्रं पाहा, मग घटक. उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक (तो 'एम. एल. नं.' असा छापलेला असतो), बॅच क्रमांक, वापरण्याची अंतिम तारीख आणि घटकांची यादी, एवढं डबीवर किंवा खोक्यावर असायलाच हवं. बाहेरून आयात केलेल्या क्रीमवर आयातदाराचा पत्ता आणि आयात नोंदणी क्रमांक असतो. यातलं काही नसेल तर क्रीम कितीही महागडं असलं तरी माझ्या लेखी ते बेवारस आहे. उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात '६ एम' किंवा '१२ एम' असं दिसलं तर त्याचा अर्थ: उघडल्यावर तितके महिने चालेल. उघडल्याची तारीख पेनाने डबीच्या तळाला लिहून ठेवा.

आता यादी. नियम असा की एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, आणि एक टक्का किंवा त्याखालचे त्यानंतर कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. एक साधी यादी समोर घेऊ:

पाणी, ग्लिसरीन, सीटिअरिल अल्कोहोल, पेट्रोलॅटम, डायमेथिकॉन, नायसिनामाइड, फिनॉक्सीइथॅनॉल, सेरामाइड एनपी, कार्बोमर, टोकोफेरिल अ‍ॅसिटेट, केशराचा अर्क, परफ्यूम.

पाणी पहिलं, म्हणजे ते सगळ्यात जास्त. त्यात गैर काही नाही, बहुतेक क्रीम असंच असतं. ग्लिसरीन दुसऱ्या क्रमांकावर आहे, ही चांगली खूण. सीटिअरिल अल्कोहोल या नावाने घाबरू नका. हा मेणासारखा स्निग्ध पदार्थ आहे, त्वचा सुकवणारं स्पिरिट नव्हे. सुकवणारं असतं ते 'अल्कोहोल डेनॅट'. आता फिनॉक्सीइथॅनॉलवर बोट ठेवा. हे क्रीम टिकवणारं द्रव्य आहे आणि ते एक टक्क्यापेक्षा जास्त घालत नाहीत. म्हणजे त्याच्या पुढे जे जे लिहिलंय ते एक टक्का किंवा त्याहून कमी. केशर तिथे आहे. डबीच्या पुढच्या बाजूवर केशराचं मोठं फूल असेल, आत मात्र केशराचा अंश तेवढा. हीच युक्ती बदाम, चंदन, कोरफड, मोती असल्या कुठल्याही क्रीमवर वापरून पाहा.

पण म्हणून फिनॉक्सीइथॅनॉलनंतरचं सगळं कुचकामी, असंही नाही. सेरामाइड किंवा रेटिनॉल अगदी थोड्या प्रमाणातही काम करतात. त्यामुळे घटक कितव्या क्रमांकावर आहे यासोबत तो घटक कोण आहे, हेही बघायचं.

'डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड', 'हायपोअ‍ॅलर्जेनिक', 'केमिकल फ्री' या शब्दांवर पैसे खर्च करू नका. पहिल्यात चाचणीचा निकाल काय लागला ते सांगितलेलं नसतं, दुसऱ्याला पक्की कायदेशीर व्याख्या नाही, आणि तिसरं तर अशक्यच, कारण पाणीही रसायनच आहे. आयुर्वेदिक परवान्याखाली विकल्या जाणाऱ्या क्रीमवर वनस्पतींची नावं आणि त्यांचं वजन दिलेलं असतं. तिथेही परवाना क्रमांक आणि पत्ता बघायचाच.

पायरी ४: पाया घाला, म्हणजे मॉइश्चरायझर

त्वचेचा सगळ्यात वरचा थर भिंतीसारखा आहे: पेशी या विटा आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ हा गिलावा. या गिलाव्यात साधारण निम्मं सेरामाइड असतं, बाकी कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. गिलावा झिजला की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं तिखट-आंबट आत शिरतं. मग साधं क्रीमही झोंबतं. त्यामुळे कुठलाही खास घटक आणण्याआधी हा थर सावरायला हवा.

मॉइश्चरायझरमध्ये तीन प्रकारचे घटक काम करतात. पाणी धरून ठेवणारे: ग्लिसरीन, हायल्युरॉनिक अ‍ॅसिड, थोड्या प्रमाणातलं युरिया. भेगा बुजवून त्वचा मऊ करणारे: सेरामाइड, स्क्वालेन, वनस्पतींची तुपासारखी तेलं. आणि वरून झाकण घालणारे: पेट्रोलॅटम, डायमेथिकॉन. तिन्हींतलं काही ना काही असलेलं, सुगंध नसलेलं साधं क्रीम घ्या. तेलकट त्वचेला जेलसारखं हलकं, कोरड्या त्वचेला घट्ट. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावलं की फरक लगेच कळतो.

पेट्रोलॅटम, म्हणजे आपलं व्हॅसलीन, याच्याबद्दल विनाकारण गैरसमज आहेत. पाणी अडवून धरण्यात त्याची बरोबरी करणारं फारसं काही नाही, अ‍ॅलर्जी क्वचितच होते आणि ते स्वस्त आहे. फुटलेल्या ओठांना आणि टाचांना मी तेच सांगते.

कोकणातल्या घरांत याच कामासाठी कोकमाच्या बियांचं मुठेल असतं. पायाच्या भेगांत ते गरम करून भरायची रीत जुनी आहे. आज महागड्या क्रीमच्या यादीत 'गार्सिनिया इंडिका सीड बटर' असं नाव दिसतं ना, ते हेच कोकम. घरचं शुद्ध मुठेल मिळत असेल तर टाचांसाठी वेगळं काही घ्यायची गरज नाही. फार जाड भेगा असतील तर २० टक्के किंवा त्याहून जास्त युरियाचं क्रीम मेडिकलमध्ये मिळतं, ते रात्री लावून मोजे घाला. मधुमेह असेल तर मात्र पायाची भेग आधी डॉक्टरांना दाखवा.

खोबरेल तेल अंगाला उत्तम. पण चेहऱ्यावर पुळ्या येत असतील तर तिथे नको, त्याने रंध्रं बुजतात.

पायरी ५: सनस्क्रीन

डाग आणि वांग यांच्यासाठी हजारो रुपये खर्चून सनस्क्रीन न लावणारे लोक रोज भेटतात. उन्हात मेलॅनिन तयार होतच राहतं, त्यामुळे बाकीचा खर्च पाण्यात जातो.

सनस्क्रीनच्या डबीवरचा एसपीएफ हा आकडा फक्त यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्या त्वचा भाजणाऱ्या किरणांबद्दल बोलतो. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतं आणि एसपीएफ ५० साधारण ९८ टक्के. म्हणजे शंभराच्या आकड्यामागे धावायची गरज नाही. डाग आणि सुरकुत्यांशी यूव्हीए या उन्हातल्या दुसऱ्या किरणांचा मोठा संबंध आहे, आणि हे किरण खिडकीच्या काचेतूनही येतात. त्यासाठी डबीवर 'पीए'पुढची अधिकची (+) चिन्हं बघा, तीन किंवा चार हवीत. झिंक ऑक्साइड हा यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही अडवणारा, नाजूक त्वचेला सोसणारा घटक आहे. तो सावळ्या चेहऱ्यावर पांढरट दिसतो ही खरी अडचण आहे. वांग असेल तर रंगछटा असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं सनस्क्रीन घ्या. ते पांढरंही दिसत नाही आणि वांग वाढवणारा डोळ्यांना दिसणारा उजेडही काही प्रमाणात अडवतं.

प्रमाण हाच खरा घोळ आहे. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर लांबीभर रेघ काढा. चेहरा आणि मानेला तेवढं लागतं. बहुतेक लोक त्याच्या निम्मंही लावत नाहीत, आणि मग डबीवरचा आकडा नावापुरता उरतो. शेतात, मोटारसायकलवर, बांधकामावर दिवस जात असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. ते जमणार नसेल तर रुमाल, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट हे कुठल्याही सनस्क्रीनइतकंच मोलाचं आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन नको, सावलीत ठेवा.

पायरी ६: आता तक्रारीनुसार एकच खास घटक

इथपर्यंतचं तीन-चार आठवडे नीट केलंत तर कित्येकांची तक्रार अर्धी होते. उरली तर पुढे या.

नवख्या माणसाला मी पहिलं नाव सांगते ते नायसिनामाइडचं. हे जीवनसत्त्व बी-३ चं रूप आहे. तयार झालेलं मेलॅनिन वरच्या पेशींत जाणं ते कमी करतं, त्वचेचा गिलावा भरून काढायला मदत करतं, आणि तेलकट, पुळ्यांच्या त्वचेलाही चालतं. २ ते ५ टक्के पुरतं. बाजारात १० टक्क्यांची फॅशन आहे, पण त्याने अनेकांना झोंबतं आणि जास्तीचा फायदा होतोच असं नाही.

पुळ्या आणि काळी-पांढरी टोकं (ब्लॅकहेड, व्हाइटहेड) यांसाठी सॅलिसिलिक अ‍ॅसिड, अर्धा ते दोन टक्के. ते तेलात विरघळतं म्हणून रंध्राच्या आत उतरतं. पुळ्या आणि त्यांचे डाग दोन्ही असतील तर अ‍ॅझेलॅइक अ‍ॅसिड १० टक्के, हा माझा आवडता आणि फार दुर्लक्षित घटक. गरोदरपणातही तो सुरक्षित मानला जातो.

जीवनसत्त्व सीचं सीरम चांगलं, पण लहरी. एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड १० ते २० टक्के असावं लागतं, आम्लता बरीच असावी लागते आणि हवा-उजेड लागला की ते खराब होतं. पारदर्शक बाटलीतलं घेऊ नका. रंग गडद पिवळा-तपकिरी झाला तर टाकून द्या. आपल्या उन्हाळ्यात ते फ्रीजमध्ये ठेवलेलं बरं.

रेटिनॉल सुरकुत्या, खडबडीतपणा आणि पुळ्यांच्या डागांवर काम करतं, पण सुरुवातीला त्वचा सोलते. आठवड्यातून दोन रात्री, मटाराच्या दाण्याएवढं, कोरड्या चेहऱ्यावर, वरून मॉइश्चरायझर. युरोपीय संघाने चेहऱ्याच्या क्रीममध्ये ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, आपणही त्याच्या वर जायचं कारण नाही. गरोदर असाल किंवा बाळाचा विचार करत असाल तर रेटिनॉल आणि त्याच्या कुळातलं काहीही लावायचं नाही.

ग्लायकोलिक किंवा लॅक्टिक अ‍ॅसिडने मृत पेशी सुटतात, पण त्वचा उन्हाला हळवी होते. गहू वर्णाच्या आणि सावळ्या त्वचेबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या: तिला जळजळ झाली की तिथे काळा डाग राहतो. जोरकस अ‍ॅसिडने डाग काढायला जाऊन नवे डाग पाडून घेणं इथेच घडतं. म्हणून आपल्याला कमी टक्केवारी आणि जास्त सबुरी, हेच मानवतं.

पायरी ७: कशाला घाबरायचं, कशाला नाही

पॅराबेन या शब्दाला लोक पाऱ्यापेक्षा जास्त घाबरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पाणी असलेल्या कुठल्याही क्रीममध्ये जिवाणू आणि बुरशी वाढते, ती रोखायला काहीतरी घालावंच लागतं. मिथिल आणि इथिल पॅराबेन ठरलेल्या मर्यादेत युरोपातही चालतात आणि त्यांची अ‍ॅलर्जी कमी. उलट 'पॅराबेन फ्री' लिहिलेल्या काही क्रीममध्ये त्याऐवजी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे टिकवणारं द्रव्य असायचं, आणि त्याने इतक्या जणांना पुरळ उठली की युरोपने चेहऱ्यावर राहणाऱ्या क्रीममधून ते काढूनच टाकलं. यादीत हे नाव किंवा डीएमडीएम हायडँटॉइन दिसलं आणि तुमची त्वचा हळवी असेल तर दुसरं क्रीम बघा.

सगळ्यात जास्त त्रास देणारा घटक बहुधा सुगंध असतो. यादीत तो 'परफ्यूम' किंवा 'फ्रेग्रन्स' या एका शब्दात उरकलेला असतो, आत मात्र कितीतरी द्रव्यं असू शकतात. लव्हेंडर, लिंबू, दालचिनी यांची तेलंही यातच धरा.

घरगुती उपायांत लिंबू चेहऱ्यावर चोळू नका. लिंबाच्या रसातली द्रव्यं उन्हात त्वचा भाजतात आणि महिनोन् महिने जाणार नाहीत असे डाग पडतात. खाण्याचा सोडा उलट बाजूचा, त्वचेची नैसर्गिक आम्लता मोडणारा. टूथपेस्ट पुळीवर लावायची नाही. हळद-साय, बेसन बहुतेकांना सोसतं, पण हळदीचीही अ‍ॅलर्जी काहींना असते. त्यामुळे घरचं असलं तरी पुढची पायरी करून मगच लावा.

पायरी ८: आधी हाताला, मग चेहऱ्याला

कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर नवं क्रीम दिवसातून दोनदा, सलग आठवडाभर लावा. एकदाच लावून सोडू नका, अ‍ॅलर्जी उमटायला काही दिवस लागतात. खाज, लाली, फोड काही नाही, तर जबड्याच्या कडेला दोन दिवस, मग पूर्ण चेहरा. एका वेळी एकच नवी वस्तू. दोन एकदम सुरू केल्यात आणि पुरळ उठली तर दोष कुणाचा ते कळणार नाही. किती काळ थांबायचं? कोरडेपणाला दिवस पुरतात, पुळ्यांना सहा ते आठ आठवडे, डागांना तीन महिने किंवा जास्त. सात दिवसांत गोरं करणारं क्रीम हातात आलं तर पायरी २ पुन्हा वाचा.

पायरी ९: त्रास झाला तर

क्रीम बंद करा, साध्या पाण्याने धुवा, दोन-तीन दिवस फक्त साधं मॉइश्चरायझर. डोळे-ओठ सुजले किंवा श्वास अडला तर थेट दवाखाना. महिनोन् महिने स्टिरॉइडची ट्यूब लावली असेल तर ती मनाने झटक्यात सोडू नका, त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने सोडा. चेहरा काही दिवस भडकेल हे त्यांना माहीत असतं आणि त्यावर उपाय असतो.

बिनलेबलचं गोरेपणाचं क्रीम वापरलं असेल आणि पायांवर सूज येत असेल, लघवीला फेस येत असेल, तर डॉक्टरांना क्रीमबद्दल आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही. लघवीतल्या प्रथिनांची तपासणी साधी आणि स्वस्त आहे, त्यातून पुढची दिशा ठरते. तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात करता येते. चिठ्ठीच्या ट्यूबचा दुष्परिणाम असेल तर १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय क्रमांकावरही कळवता येतो. बिल जपून ठेवा, डबीच्या सगळ्या बाजूंचे फोटो काढा. आणि ती डबी कचऱ्यात टाकू नका, कुणाला देऊनही टाकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या.